तळाचा रंग आणि कालवाचं कवच



फ्रान्सच्या नैऋत्य किनाऱ्यावर, बोर्दो शहराच्या पश्चिमेला आर्काशों नावाची खाडी आहे. भरतीला ती दीडशे चौरस किलोमीटरच्या आसपास पसरते आणि ओहोटीला मैलोन्‌मैल चिखल-वाळू उघडी टाकते. इथली मुख्य शेती कालवांची. दर उन्हाळ्यात कालवं पिकवणारी कुटुंबं चुन्यात बुडवून वाळवलेली कौलं पाण्यात मांडतात. कालवाची अळी दोन-तीन आठवडे पाण्यात तरंगते, मग टणक जागा शोधून तिथं जन्मभरासाठी चिकटते. कौलावर बसलेलं हे बी जरा वाढलं, की चुन्याच्या थरासकट खरवडून घ्यायचं आणि पुढं वाढीला घालायचं. एकोणिसाव्या शतकापासून चालत आलेली ही रीत आहे. १९७७ पासून मात्र कौलं वर काढावीत तर त्यांवर बी जवळजवळ नाहीच, असं होऊ लागलं. एखादा हंगाम वाया जातो, हे शेतकऱ्याला माहीत असतं. इथं चार-पाच उन्हाळे लागोपाठ कोरडे गेले.

या लोकांनी संकटं पाहिली नव्हती असं नाही. मूळची चपटी युरोपी कालवं पहिल्या महायुद्धानंतर रोगाने गेली. त्यांच्या जागी आलेल्या पोर्तुगीज कालवांची गोष्टच निराळी. १८६८ मध्ये ‘मोर्लेझियां’ नावाचं जहाज वादळामुळे जिरोंदच्या मुखात अडकलं. आतली कालवं सडली असं समजून कप्तानाने ती पाण्यात टाकली, आणि त्यातली जिवंत कालवं तिथं रुजली. १९७०च्या सुमाराला विषाणूने त्यांचाही फडशा पाडला, तेव्हा पॅसिफिकमधून तिसरी जात आणली. तिने चांगला जम बसवला. आर्काशोंचं उत्पन्न वर्षाला दहा ते पंधरा हजार टनांवर स्थिरावलं. तेच १९८१ साली तीन हजार टनांवर आलं.

बियांचा दुष्काळ ही अर्धीच आपत्ती होती. जी कालवं जगत होती त्यांची कवचं बिघडत होती. निरोगी कालवाची शिंप चपटी असते आणि एकसंध वाढते. इथल्या शिंपा जाड होत गोल गरगरीत झाल्या. चिरून पाहिलं की आत पापुद्र्यामागून पापुद्रा, दोन पापुद्र्यांमधे पोकळी आणि पोकळीत चिकट, पारदर्शक द्रव. उघडायला सुरी घातली की ती मांसापर्यंत पोचण्याआधीच एखाद्या पोकळीत घुसायची. बाहेरून कालव भरदार दिसे, पण आपली सगळी ताकद कवचावर कवच चढवण्यात घालवल्यामुळे आतला जीव आक्रसलेला असे. असा माल कोण घेणार? १९८० आणि १९८१ मध्ये खाडीच्या काही भागांत जवळपास प्रत्येक कालवात ही विकृती होती. या वर्षांचा एकूण तोटा पुढं १४ कोटी ७० लाख डॉलर धरला गेला.

संशय आधी सांडपाण्यावर गेला, शेतांतून वाहून येणाऱ्या रसायनांवर गेला. तो साहजिकच होता. पाणी बिघडलं की माणूस नळ शोधतो, गटार शोधतो, एखादी गिरणी शोधतो. पण या विषाला तोंड नव्हतं. ते हजारो ठिकाणांहून थोडं थोडं येत होतं, आणि जिथून येत होतं त्या वस्तू सुट्टीच्या दिवशी सगळ्यांच्या डोळ्यांसमोर पांढरी शिडं उभारून हिंडत होत्या. उन्हाळ्यात या खाडीत दहा हजारांहून अधिक हौशी नौका नांगरलेल्या असत.

क्लोद आल्झिए आणि त्यांचे सहकारी फ्रान्सच्या सागरी मासेमारी संशोधन संस्थेत काम करत. हीच संस्था पुढं इफ्रेमेर या नावाने जगाला माहीत झाली. त्यांनी केलेले प्रयोग गुंतागुंतीचे नव्हते, आणि म्हणूनच ते पटणारे होते. नौकांच्या तळाला लावतात तो रंग फळ्यांना फासला, त्या फळ्या टाक्यांमध्ये सोडल्या आणि शेजारी निरोगी कालवं ठेवली. त्यांच्या कवचात पोकळ्या धरू लागल्या. नौकांच्या धक्क्याजवळ नेऊन ठेवलेल्या चांगल्या कालवांचंही तेच झालं. उलट विकृत कालवं स्वच्छ पाण्यात हलवली तेव्हा त्यांचं नवं कवच सरळ वाढू लागलं. रंगातलं विष होतं ट्रायब्युटिलटिन. कथिलाचं हे सेंद्रिय संयुग पुढं टीबीटी या तीन अक्षरांनी कुप्रसिद्ध झालं.

बोटीच्या तळाला विष कशासाठी लावायचं, हे समजून घेतल्याशिवाय या प्रकरणाचा न्याय करता येत नाही. समुद्रात उभ्या केलेल्या कुठल्याही पृष्ठभागावर काही तासांत जिवाणूंचा बुळबुळीत थर बसतो. मागोमाग शेवाळ येतं, मग बार्नॅकल, शिंपल्या, नळीत राहणारे किडे. लाकडी बोट असेल तर लाकूड पोखरणारा जहाजकिडा वेगळाच. तळ खडबडीत झाला की बोट जड चालते, इंधन जास्त पिते. अरबी समुद्रातल्या जुन्या गलबतांच्या तळाला चुना आणि चरबी यांचं मिश्रण चोपडत, ते याचसाठी. ब्रिटिश नौदलाने १७६१ मध्ये ‘अलार्म’ या जहाजाच्या तळाला तांब्याचा पत्रा ठोकून पाहिला. किडा आणि बार्नॅकल, दोघांवरही तो लागू पडला.

तांब्याच्या या पत्र्याचा एक धडा मात्र विसरता येत नाही. खाऱ्या पाण्यात पत्रा झिजतो, म्हणून १८२४ मध्ये हम्फ्री डेव्ही या रसायनशास्त्रज्ञाने त्याला लोखंडाचे आणि जस्ताचे तुकडे जोडले. तांब्याऐवजी ते तुकडे झिजू लागले आणि तांबं शाबूत राहिलं. प्रयोग शास्त्रीयदृष्ट्या अचूक होता. पण शाबूत तांब्यावर बार्नॅकल आणि शेवाळ खुशाल वाढू लागलं, आणि नौदलाला ही युक्ती सोडावी लागली. तळ स्वच्छ राहत होता तो धातू पाण्यात विरघळत होता म्हणून. विषारी रंगांचं सगळं शास्त्र या एका अटीवर उभं आहे: तळावरून काही ना काही सतत पाण्यात जायलाच हवं. रंग समुद्रात जातो तो गळतीमुळे किंवा कुणाच्या निष्काळजीपणामुळे नव्हे. त्याचं कामच ते आहे.

टीबीटीचे जीवनाशक गुण १९५०च्या दशकात नेदरलँड्समधल्या युट्रेख्त इथं, व्हान डर केर्क यांच्या प्रयोगशाळेत पुढं आले. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला त्याचा एक उपयोग तपासला गेला तो गोड्या पाण्यातल्या गोगलगायी मारण्यासाठी, कारण आफ्रिकेत बिल्हार्झिया रोगाचे कृमी या गोगलगायी पसरवतात. गोगलगायी आणि कालवं एकाच मृदुकाय संघातले जीव आहेत. म्हणजे मृदुकायांसाठी हे द्रव्य जहाल आहे ही माहिती ते समुद्रात जाण्याआधीच उपलब्ध होती. ती रंगाच्या डब्यापर्यंत आणि तिथून कालवांच्या खाडीपर्यंत नेऊन जोडण्याची जबाबदारी कुणावरच नव्हती. माझ्या मते, या सगळ्या इतिहासातली सर्वांत मोठी चूक हीच होती.

१९७०च्या दशकात या रंगाचा सुधारित अवतार आला. आधीच्या रंगांत विष नुसतं मिसळलेलं असे, त्यामुळे ते सुरुवातीला भसाभस बाहेर पडे आणि लवकर संपे. नव्या रंगात टीबीटी बहुवारिकाच्या साखळीला रासायनिक बंधाने जोडलेलं होतं. समुद्राचं पाणी तो बंध हळूहळू तोडतं आणि बोट चालते तसा रंगाचा वरचा थर साबणाच्या वडीसारखा झिजत जातो. खाली ताजा, गुळगुळीत, विषारी थर तयारच असतो. जहाज पाच वर्षं गोदीत न नेता चालवता येऊ लागलं. जहाजमालकांच्या दृष्टीने याहून चांगला रंग तोवर झाला नव्हता, आणि हे खरंच होतं.

आर्काशोंच्या बाबतीत फ्रेंच सरकार झपाट्याने हललं. जानेवारी १९८२ मध्ये २५ मीटरपेक्षा लहान नौकांवर टीबीटीचे रंग लावायला बंदी आली, आधी काही किनाऱ्यांपुरती आणि त्याच वर्षी सगळ्या देशात. सगळे पुरावे हाती येण्याची वाट पाहिली नाही. त्या उन्हाळ्यापासून कौलांवर बी पुन्हा बसू लागलं. पुढच्या काही वर्षांत विकृत कालवांचं प्रमाणही घटत गेलं. एखादं प्रदूषण थांबवल्यावर निसर्गाने इतक्या लवकर उत्तर दिल्याची उदाहरणं थोडी आहेत.

हे इतक्या लवकर घडलं, कारण तिथं कौलं मोजणारी माणसं होती. कोणत्या वर्षी किती बी बसलं याची पिढ्यान्‌पिढ्यांची नोंद होती, बुडालेला पैसा दाखवता येत होता आणि सरकारदरबारी ओरडायला संघटना होत्या. कालवाला बाजारभाव होता. ज्या जिवाला भाव नव्हता त्याची कहाणी इंग्लंडच्या किनाऱ्यावर घडत होती, आणि तिला फार जास्त वर्षं लागली.

डॉगव्हेल्क ही उत्तर अटलांटिकच्या खडकाळ किनाऱ्यांवरची दोन-तीन सेंटिमीटरची गोगलगाय. ती बार्नॅकल आणि शिंपल्यांच्या कवचाला भोक पाडून आतलं मांस खाते. मादी खडकाच्या कपारीत पिवळसर कुप्या चिकटवते, जेमतेम सात-आठ मिलिमीटर लांबीच्या. त्या कुप्यांतून तरंगणारी अळी निघत नाही, चालतं पिल्लू निघतं आणि तिथल्याच खडकावर आयुष्य काढतं. १९७० मध्ये स्टीफन ब्लेबर या अभ्यासकाला प्लिमथजवळच्या काही माद्यांना नराचं लिंग फुटलेलं दिसलं. त्याच सुमाराला अमेरिकेत कनेटिकटच्या किनाऱ्यावर स्मिथ या संशोधकांना चिखलातल्या एका गोगलगायीत हेच दिसलं. मादीवर नराचे अवयव चढण्याच्या या अवस्थेला त्यांनी ‘इम्पोसेक्स’ हे नाव दिलं, आणि पुढं १९८१ मध्ये तिचा संबंध नौकांच्या रंगाशी जोडून दाखवला.

प्लिमथच्या मरीन बायॉलॉजिकल असोसिएशनमधले जेफ्री ब्रायन आणि पीटर गिब्ज यांनी इंग्लंडचा नैऋत्य किनारा खडकाखडकाने तपासला आणि १९८६ मध्ये निष्कर्ष मांडले. नौकांचे धक्के जवळ असलेल्या ठिकाणी डॉगव्हेल्क विरळ झाली होती, काही ठिकाणी पार नाहीशी. उरलेल्या माद्यांमध्ये नराची शुक्रवाहिनी वाढता वाढता अंडी बाहेर पडण्याच्या वाटेवर चढून ती वाटच बुजवून टाकत होती. तयार झालेल्या अंड्यांच्या कुप्या आतच साठत, काळ्या पडत, आणि शेवटी मादी मरे. लिंग वाढणं हा बाहेरून दिसणारा भाग. खरा घात आत होत होता.

किती विषाने हे होतं? पाण्यात लिटरमागे एक नॅनोग्रॅमहूनही कमी टीबीटी असलं तरी इम्पोसेक्सला सुरुवात होते. लिटरला एक नॅनोग्रॅम म्हणजे चारशे ऑलिम्पिक जलतरण तलावांत मिळून एक ग्रॅम. काही थोडे नॅनोग्रॅम झाले की माद्या वांझ होतात. ब्रिटनने १९८५ मध्ये पाण्यासाठी ठरवलेली पहिली मर्यादा होती लिटरला वीस नॅनोग्रॅम. कायदा पाळला तरी गोगलगाय मरणारच, असा तो आकडा होता. पुढं तो दोनवर आणला गेला. हे विष इतक्या विरळ प्रमाणात मोजणारी उपकरणंही तेव्हा नवीच होती. बरीच वर्षं माणसाच्या यंत्रांपेक्षा ही गोगलगायच पाण्यातलं टीबीटी जास्त नेमकं सांगत होती.

असं का होतं, याचं उत्तर २००४ मध्ये जपानी संशोधकांनी दिलं. गोगलगायीच्या पेशींत रेटिनॉइड एक्स नावाचा एक ग्राहक असतो, अवयवांच्या वाढीचे संदेश घेणारा. टीबीटी नेमकं त्याच ग्राहकावर जाऊन बसतं आणि मादीच्या शरीराला नराचे अवयव घडवण्याचा हुकूम मिळतो. पाण्यात नाममात्र असलेलं द्रव्य एवढा अनर्थ करतं, ते अशा रीतीने.

डॉगव्हेल्कची अळी तरंगत नाही, हा तिचा घात करणारा दुसरा मुद्दा. आर्काशोंमध्ये पाणी सुधारलं तशी तरंगत्या अळ्यांनी कौलं भरली. डॉगव्हेल्क एखाद्या खडकावरून संपली की तिथं परत येण्यासाठी शेजारच्या खडकावरून पिल्लांनी चालत यावं लागतं. मधे वाळूचा पट्टा असेल तर त्यात वर्षांमागून वर्षं जातात. एका ठिकाणी मात्र विलक्षण गोष्ट घडली. केंट परगण्यात डम्पटन गॅप नावाचा किनारा आहे. तिथल्या काही डॉगव्हेल्कमध्ये जनुकीय दोषामुळे नरांना लिंग नसे किंवा ते खुरटं असे. चांगल्या पाण्यात हा दोष वंशाला मारकच. पण टीबीटीच्या पाण्यात हा दोष असलेल्या माद्यांची वाट बुजली नाही. त्या अंडी घालत राहिल्या आणि आजूबाजूचे खडक ओस पडत असताना हा किनारा तगला. गिब्ज यांनी १९९३ मध्ये हे नोंदवलं. एका रंगाने निसर्गाची निवडच उलटी करून टाकली होती.

आयर्लंडमधल्या मलरॉय उपसागरातही हेच विष पोचलं, तेही बोटींशिवाय. १९८०च्या दशकात तिथं सॅमन माशांच्या पिंजऱ्यांच्या जाळ्यांवर शेवाळ धरू नये म्हणून टीबीटी लावत. स्कॅलप या मोठ्या शिंपल्यांचं बी बसणं तिथं थांबलं. जाळ्यांना ते लावणं बंद झाल्यावर बी परतलं.

ब्रिटनने १९८७ मध्ये लहान नौकांसाठी या रंगाची विक्री बंद केली. अमेरिकेने १९८८ मध्ये कायदा केला. जवळपास सगळीकडे रेषा एकच होती: २५ मीटर. मोठी जहाजं खोल समुद्रात असतात, तिथं विष पातळ होऊन जातं, असा त्यामागचा युक्तिवाद. पण मोठं जहाज बंदरात येतं, गोदीत उभं राहतं, नांगर टाकून दिवसच्या दिवस थांबतं. शेटलंड बेटांवरच्या सलम व्हो या तेलबंदरात तेलवाहू जहाजं येत. तिथल्या डॉगव्हेल्कची नियमित पाहणी होई, आणि लहान नौकांवर बंदी येऊनही बंदराजवळच्या माद्या वांझच राहिल्या. उत्तर समुद्रात जहाजांच्या वर्दळीच्या मार्गांवर, किनाऱ्यापासून दूर, दुसऱ्या जातीच्या मोठ्या व्हेल्कमध्येही इम्पोसेक्स सापडलं.

आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने १९९० मध्ये शिफारस केली, तीही लहान नौकांपुरती. सगळ्या जहाजांवर टीबीटी बंद करणारा करार व्हायला ऑक्टोबर २००१ उजाडला. १ जानेवारी २००३ पासून नवा रंग लावायचा नाही आणि १ जानेवारी २००८ पर्यंत जुना काढायचा किंवा झाकून टाकायचा, असं ठरलं. करार अमलात यायला पंचवीस देश हवे होते, आणि तेही जगातल्या एकूण व्यापारी जहाजांच्या टनभाराचा पंचवीस टक्के भाग बाळगणारे. तो आकडा गाठून १७ सप्टेंबर २००८ ला करार लागू झाला. आर्काशोंची बंदी १९८२ ची. मधल्या सव्वीस वर्षांत पुरावा सतत वाढतच होता. तो तपासणाऱ्यांची कमतरता नव्हती. निर्णय घेणाऱ्यांच्या दृष्टीने गोगलगायीची किंमत इंधनाच्या बिलापेक्षा कमी होती, एवढंच.

हे बोलताना दुसरी बाजू लपवणं अप्रामाणिक ठरेल. घाणेरड्या तळाचंही समुद्राला मोल मोजावं लागतं. जास्त इंधन म्हणजे जास्त धूर. शिवाय तळाला चिकटून जीव एका खंडातून दुसऱ्या खंडात जातात. मूळची अमेरिकेच्या उष्ण किनाऱ्यावरची मायटिलॉप्सिस सॅलेई नावाची शिंपली १९६०च्या दशकात विशाखापट्टण बंदरात सापडली आणि पुढं मुंबईच्या गोदीतही पसरली. हीच शिंपली १९९९ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या डार्विनच्या नौकाबंदरांत दिसली, तेव्हा ती बाहेर निसटू नये म्हणून तिथल्या पाण्यात क्लोरीन आणि मोरचूद ओतून सगळं जीवन मारावं लागलं. तेव्हा ‘तळाला काहीच लावू नका’ असं म्हणता येत नाही. काय लावायचं आणि त्याने कुणाचं काय होईल हे कोण पाहणार, हा प्रश्न आहे.

टीबीटी गेल्यावर रंगवाले परत तांब्याकडे वळले. आजच्या बहुतेक विषारी रंगांत क्युप्रस ऑक्साइड असतं, लाल तपकिरी रंगाचं. नुसत्या तांब्याला काही शेवाळं दाद देत नाहीत म्हणून जोडीला तणनाशकं घालतात. त्यातलं सायब्युट्रिन, म्हणजेच इर्गारोल, पाण्यातल्या वनस्पतींसाठी इतकं घातक निघालं की त्याच आंतरराष्ट्रीय करारात २०२१ मध्ये दुरुस्ती होऊन १ जानेवारी २०२३ पासून त्यावरही बंदी आली. तांबं टीबीटीइतकं जहाल नाही. पण कालवांच्या आणि शिंपल्यांच्या कोवळ्या अळ्या लिटरला काही मायक्रोग्रॅम तांब्यानेही बिघडतात. अमेरिकेत खाऱ्या पाण्यासाठी दीर्घकाळची मर्यादा म्हणूनच लिटरला ३.१ मायक्रोग्रॅम आहे. कॅलिफोर्नियातल्या सॅन डिएगो इथल्या शेल्टर आयलंड नौकाबंदरात दोन हजारांवर हौशी नौका उभ्या असतात आणि पाण्याचा निचरा मंद आहे. तिथल्या तांब्यापैकी अठ्ठ्याण्णव टक्के तांबं तळांच्या रंगातून येतं असा हिशेब निघाला. २००५ मध्ये ते ७६ टक्क्यांनी कमी करण्याचं बंधन घातलं गेलं. स्वीडनमध्ये नौका पाण्यात असतानाच फिरत्या ब्रशांनी तळ धुणारी केंद्रं उभी राहिली आहेत, विषाशिवाय काम भागावं म्हणून. काही जहाजांवर सिलिकोनचे निसरडे लेप आले आहेत. त्यावर जीव बसतो, पण जहाजाने वेग घेतला की निसटून जातो.

आणि जुनं टीबीटी अजून गेलेलं नाही. पाण्यात ते काही दिवसांत वा आठवड्यांत विघटित होतं. बंदराच्या काळ्या, प्राणवायू नसलेल्या गाळात मात्र ते वर्षानुवर्षं, कधी दशकंही टिकतं. गोदीत जहाजाचा तळ खरवडला की निघणाऱ्या कपच्या गाळात जातात आणि प्रत्येक कपची विषाची साठवण असते. बंदराचा गाळ उपसून दुसरीकडे टाकला की तिथल्या कालवांना हे विष नव्याने भेटतं.

आता आपल्या किनाऱ्याकडे. भारताने टीबीटीवर बंदी घालणारा हा आंतरराष्ट्रीय करार स्वीकारला आहे आणि त्यासाठी व्यापारी नौवहन कायद्यात २०१४ मध्ये दुरुस्ती केली आहे. गोव्यात दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या विश्वकिरण आणि अनिल या संशोधकांनी १९९९ मध्ये ‘क्रोनिया कोंकणेन्सिस’ या गोगलगायीत इम्पोसेक्स आढळल्याची नोंद प्रसिद्ध केली. दोना पावलाच्या उपसागरातल्या पाण्यात आणि गाळात टीबीटी असल्याचंही याच संस्थेच्या संशोधनातून २००४ मध्ये पुढं आलं. म्हणजे आर्काशों आणि प्लिमथची गोष्ट झुआरी नदीच्या मुखापर्यंत येऊन पोचली होती.

कोकणात खडपावरची कालवं ओहोटीला बायका फोडून आणतात, तिसऱ्या आणि शिनाणे बाजारात येतात. या मालाची वर्षावर्षाची मोजदाद आर्काशोंच्या कौलांसारखी कुणी ठेवलेली नाही. एखाद्या खडपावरची कालवं कमी झाली तर ते जाणवतं फक्त तिथं जाणाऱ्या बायकांना, आणि त्यांची साक्ष कुठल्याही कागदावर येत नाही. पश्चिम किनाऱ्यावर जून-जुलैमध्ये मासेमारी बंद असते. बोटी वर ओढल्या जातात, शाकारल्या जातात, आणि हंगामाआधी तळ खरवडून नवा हात दिला जातो. हे काम भरतीरेषेच्या आत, उघड्या वाळूवर होत असेल, तर खरवडलेला रंग पुढच्या भरतीला थेट कालवांच्या खडपावर जातो. खाली ताडपत्री अंथरून तो गोळा करायला फार खर्च येत नाही. डब्यावर काय लिहिलं आहे ते मात्र वाचता यायला हवं, आणि ते मराठीत असायला हवं.

आणि मोजणी सुरू करायला मोठ्या प्रयोगशाळेची गरज नाही. इम्पोसेक्स तपासण्याची रीत ठरलेली आहे. एका जागेवरून एकाच जातीच्या तीस-चाळीस प्रौढ गोगलगायी घ्यायच्या, मॅग्नेशियम क्लोराइडच्या पाण्यात गुंगवायच्या, शेगड्यात धरून कवच हलकेच तडकवायचं आणि आतला जीव अख्खा बाहेर काढायचा. भिंगाखाली अंड्यांच्या कुप्या घडवणारी ग्रंथी दिसली की ती मादी. मग तिला लिंग आहे का, असल्यास किती मिलिमीटर, आणि शुक्रवाहिनी कोणत्या टप्प्यापर्यंत चढली आहे, हे शून्य ते सहा या श्रेणीत लिहायचं. माद्यांच्या लिंगाच्या सरासरी लांबीचा घन नरांच्या लिंगाच्या सरासरी लांबीच्या घनाशी ताडून टक्केवारी काढली, की वेगवेगळ्या जागांची तुलना करता येते. रत्नागिरी, मालवण, वेंगुर्ला, पणजी इथल्या महाविद्यालयांतले प्राणिशास्त्राचे विद्यार्थी हे एका दुपारच्या ओहोटीत आणि एका दिवसाच्या प्रात्यक्षिकात करू शकतात. एक जागा बंदराच्या भिंतीजवळची घ्यावी, दुसरी बोटी शाकारतात तिथली, तिसरी दोन्हींपासून दूर, आणि दर वर्षी पावसाळ्यानंतर त्याच तीन जागा. १९९९ ची गोव्यातली नोंद तुलनेसाठी तयार आहे.